शोमरोनी निघून गेल्यावर



परदेशात कुठे भूकंप, त्सुनामी किंवा महापूर झाला की दोन-तीन महिन्यांत धर्मग्रामाच्या कचेरीत कुणी ना कुणी तरुण येतोच. तिथल्या ख्रिस्ती मदतकेंद्रात स्वयंसेवक म्हणून महिनाभर राबायचे असते आणि त्यासाठी फादरांचे शिफारसपत्र हवे असते. असे पत्र लिहिताना आम्हांला आनंद होतो. पण हेच तरुण चर्चच्या आवारातून बाहेर पडताना एखाद्या ज्येष्ठाच्या तावडीत सापडतात. "काय रे बाबा, २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा तू कुठे होतास? आणि जायचेच कशाला? विमानाच्या तिकिटाचे पैसे तिकडे पाठव, त्यांच्या जास्त उपयोगी पडतील!"

बोलणे खोचक आहे, पण ते झटकून टाकण्यासारखे नाही. आधी जवळचे की दूरचे? आणि पैसा पाठवता येत असताना माणसाने स्वतः जाण्याला काय अर्थ?

पहिल्या प्रश्नावर संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच विचार करून ठेवला आहे. प्रीतीलाही क्रम असतो, असे ते मानतात. आईवडील, मुले, शेजारी यांचे आपल्यावर पहिले ऋण आहे. मात्र गरज पराकोटीची असेल, तर तशी गरज नसलेल्या स्वतःच्या वडिलांच्याही आधी परक्याला मदत करावी, असे तेच सांगतात. म्हणजे नात्याचा आणि गरजेचा असे दोन्ही काटे पाहायचे. १९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने अंतराचा मुद्दाच खोडून काढला. उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाला आपण कपडे चिखलात मळतील म्हणून सोडून देत नाही. मग ते मूल हजारो मैलांवर असले म्हणून कर्तव्य कसे बदलते? सिंगर ख्रिस्ती श्रद्धा मानत नाहीत आणि त्यांची अनेक मते आम्हांला मान्य नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी नेमका विचारला. वाचकहो, तो सुचला होता पूर्व बंगालच्या निर्वासितांवरून. १९७१ साली ते निर्वासित आपल्या देशात आले होते. दूरच्यांनी आपल्याकडे मदत पाठवावी म्हणून केलेला युक्तिवाद, आपण दूरच्यांना मदत करताना खोटा ठरत नाही.

तरीही सिंगर यांचे तर्कशास्त्र पैशापाशी येऊन थांबते. दुसरा प्रश्न उरतोच. जायचे कशाला?

त्यासाठी जपानमधील एका चर्चची हकिगत सांगावीशी वाटते. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहराला भूकंप झाला. ६,४३४ माणसे दगावली. नागाता हा कामगारांचा भाग. कृत्रिम चामड्याचे बूट बनवणारे छोटे छोटे कारखाने, दाट लाकडी घरे आणि वस्तीत जपानी लोकांबरोबर कोरियन व व्हिएतनामी कुटुंबे. भूकंपापेक्षा नंतरच्या आगीने तिथे जास्त नासधूस केली. ताकातोरी कॅथोलिक चर्चही जळाले. उभा राहिला तो हात पसरलेला प्रभू येशूचा पुतळा. त्याच आवारात मदतकेंद्र सुरू झाले आणि रविवारची मिस्सा उघड्यावर, शेकोटीभोवती होऊ लागली.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. तेव्हा मदत घेणारे बहुतेक ख्रिस्तेतर होते, हे सांगायला नको. मदतीच्या बदल्यात धर्म खपवू नये, प्रीती ही विनामोबदला असते, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे या विषयावर निष्कारण धुरळा उडतो, म्हणून एवढे नमूद करतो आणि पुढे जातो.

शिगेरू बान नावाचे एक वास्तुविशारद टोकियोहून तिथे आले. व्हिएतनामी निर्वासित या चर्चमध्ये जमतात, असे त्यांनी वाचले होते. चर्चचे धर्मगुरू फादर हिरोशी कांदा यांच्यापुढे त्यांनी प्रस्ताव ठेवला: तुमचे चर्च मी कागदाचे बांधून देतो! कापडाचा तागा गुंडाळतात तशा पुठ्ठ्याच्या नळ्यांनी इमारती उभारण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. पण सारे गाव जळून राख झालेले असताना कागदाचे चर्च? फादरांना हा माणूस वेडाच वाटला. त्यांनी नकार दिला.

आमच्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म या नकारात आहे. चांगल्या मनाने आणलेली देणगी परत केली गेली की आपल्यापैकी बहुतेकांचा अहंकार दुखावतो. "एवढ्या लांबून आलो आणि यांना किंमत नाही," असे म्हणून आपण परतीची गाडी पकडतो. बान परत येत राहिले. येता येता त्यांना दिसले की व्हिएतनामी कुटुंबे बागेत प्लास्टिकचे कापड ताणून राहत आहेत. सरकारी तात्पुरत्या वसाहती लांब होत्या. तिकडे गेले तर काम सुटणार होते. तेव्हा बान यांनी चर्चचा विषय बाजूला ठेवला, निधी जमवला आणि विद्यार्थी स्वयंसेवकांना हाताशी धरून त्या बागेत पुठ्ठ्याच्या नळ्यांची छोटी घरे बांधली. पायाला वाळू भरलेले बिअरचे क्रेट. (क्रेट किरिन कंपनीकडे मागितले, कारण असाहीचे लाल रंगाचे होते आणि ते नळ्यांना शोभले नसते! क्रेट आले ते रिकामे, हे बान गमतीने सांगतात.) ही घरे झाल्यावर फादर राजी झाले, तेही अट घालून: पैसे तुम्ही उभे करा, माणसे तुम्ही आणा. पाच आठवड्यांत स्वयंसेवकांनी ५८ नळ्यांचे चर्च उभे केले. तीन वर्षांसाठी बांधलेली ही वास्तू दहा वर्षे टिकली. बान यांना पुढे २०१४ साली वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. पण मुद्दा पुरस्काराचा नाही. टोकियोतून धनादेश पाठवला असता तर तो चर्चसाठी पाठवला गेला असता. बागेतली माणसे धनादेशाला दिसली नसती.

दुसरे एक काम त्याच आवारात झाले. १९२३ च्या भूकंपानंतर कोरियन लोकांनी विहिरींत विष कालवले अशी अफवा टोकियो परिसरात पसरली होती आणि हजारोंची कत्तल झाली होती. कोबेतील कोरियन ते विसरले नव्हते. व्हिएतनामी लोकांना तर सरकारी सूचनाच वाचता येत नव्हत्या. पाणी कुठे, डॉक्टर कुठे, अर्ज कसा करायचा, काही कळत नव्हते. म्हणून स्थानिकांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून अनेक भाषांत बोलणारे छोटे रेडिओ केंद्र चालू केले. 'एफएम वाय वाय' हे त्याचे नाव. एक 'वाय' कोरियन लोक फोनवर म्हणतात त्या 'योबोसेयो'चा आणि दुसरा माया दर्शवणाऱ्या एका व्हिएतनामी शब्दाचा. इथे बाहेरून आलेल्याची परकी भाषा हीच मदत ठरली. अशा वेळी दूरचा माणूस जवळच्यापेक्षा उपयोगी पडू शकतो.

आता दुसरी बाजू. कोबेत पहिल्या वर्षभरात तेरा लाखांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. जपानी लोक १९९५ ला स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणतात, ते उगीच नाही. हळूहळू गर्दी ओसरली. तात्पुरत्या वसाहतींत चिठ्ठ्या टाकून घरे दिल्यामुळे जुने शेजार मोडले होते. त्या खोल्यांत पुढील पाच वर्षांत दोनशेहून अधिक माणसे एकटीच मेली. दार ठोठावणारे कुणी नव्हते, म्हणून काहींचा मृत्यू कित्येक दिवस कळलाही नाही. भूकंपाने ज्यांना वाचवले त्यांना एकाकीपणाने नेले.

शुभवर्तमानातील शोमरोन्याचा दाखला आपण पाठ केला आहे. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला. पण प्रवचनांत एक माणूस कायम राहून जातो, तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोन्याने जखमा बांधल्या, रात्रभर शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार मालकाच्या हातावर ठेवून तो आपल्या वाटेने गेला. त्याने स्वतः येणे आणि पैसा देणे असा वाद घातला नाही, दोन्ही केले. शिवाय आपण निघून जाणारे आहोत हे ओळखून जखमी माणसाला तिथेच राहणाऱ्याच्या हवाली केले आणि परत येतो असे सांगितले. नंतरचे लंगडणे, रात्रीची स्वप्ने, हे सारे त्या मालकाने पाहिले असेल. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

मदतकेंद्र म्हणजे ही उतारशाळा. तेव्हा जाणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे की केंद्राने बोलावल्याशिवाय जाऊ नका. पहिल्या आठवड्यात भाषा न येणारा हौशी माणूस तिथल्यांचेच अन्न आणि छप्पर वाटून घेतो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानी स्वयंसेवकांना आपले जेवण, राहण्याची सोय आणि विमा स्वतः पाहायला सांगत, ते याचसाठी. सहाव्या दिवसापेक्षा सहाव्या महिन्यात जा, कॅमेऱ्यांची पाठ फिरलेली असेल. केंद्र चालवणारी स्थानिक बाई जे सांगेल ते करा, मग ते भांडी घासणे असो की एखाद्या म्हाताऱ्याजवळ नुसते बसणे. म्हाताऱ्याने चहा दिला तर नको म्हणू नका. सगळे गमावलेल्या माणसापाशी देण्यासारखे काहीतरी उरले आहे, हे त्याला दिसू द्या.

आणि ज्येष्ठांनो, हा तरुण परत येईल तेव्हा चिखलाने माखलेले फोटो पाहून झाल्यावर त्याला आपल्याच धर्मग्रामातील अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसांची यादी द्या. ती पॅरिश कौन्सिलकडे आहे. जवळच्यांचे ऋण त्याने बुडवले का, हे तेव्हाच ठरेल, तिकिटाच्या किमतीवरून नव्हे.

ताकातोरीचे कागदी चर्च २००५ साली उतरवण्यात आले. १९९९ मध्ये तैवानलाही मोठा भूकंप झाला होता. नळ्या मोकळ्या करून, बांधून, जहाजाने तिकडे पाठवण्यात आल्या आणि २००८ साली ताओमी नावाच्या गावात ते चर्च पुन्हा उभे राहिले. या वेळी देणारे कोबेचे लोक होते.