खिशातले पिस्तूल

अमेरिकेत खिशात लपवायचे पिस्तूल निवडताना लोक वजन, लांबी, गोळ्या पाहतात. २००८ साली आलेले रुगर एलसीपी रिकामे असताना पाव किलोहून किंचितच जड भरते. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. पण सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न उरतोच.

संत थॉमस अक्वायनस स्वसंरक्षणाला पाप म्हणत नाहीत. मात्र हेतू जीव वाचवण्याचा हवा आणि बळ गरजेपुरतेच. काठीचा घाव हात राखून घालता येतो, सुटलेली गोळी आवरता येत नाही. म्हणून संयम खिशात हात जाण्यापूर्वीच हवा.

बंधुभगिनींनो, पिस्तूल निवडणाऱ्याने स्वतःला विचारावे : हे जवळ असताना मी भांडणातून माघार घेईन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर सर्वांत हलके पिस्तूलही त्याच्या खिशाला जडच.