पोहरा नसलेला पाहुणा

तोरणमाळला मुक्काम करणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपायरीचा घाट चढला की साधारण १,१५० मीटर उंचीवरचं पठार लागतं. यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथाचं देऊळ पाहून होतं, आणि डिसेंबरच्या रात्री सातपुड्याची थंडी आपली ओळख स्वतःच करून देते. चर्चच्या तरुण संघाला शिबिरासाठी अशीच जागा हवी असते. मुलांना शहरातून उचलायचं, मोबाइल काढून घ्यायचे, तंबूत झोपवायचं आणि पहाटेच्या अंधारात प्रार्थनेला बसवायचं. वक्ता बहुधा एलियाविषयी बोलतो: होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी येऊन गेले, देव त्यांत नव्हता, नंतरच्या मंद वाणीत होता. अशी प्रवचनं मी ऐकली आहेत, दिलीही आहेत. विषयाचं नाव हल्ली ‘कम्फर्ट झोनच्या बाहेर’ असं असतं.

त्यात खोटं काही नाही. अब्राहाम तंबूत राहिला, याकोबाला दगडाच्या उशीवर स्वप्न पडलं, इस्राएल लोक ४० वर्षं रानात हिंडले. पण तोरणमाळच्या तंबूत बसून हे बोलताना एक गोष्ट खटकते. तंबूत सगळं आपलंच असतं. शिधा आपला, पाणी आपलं, पांघरूण आपलं, माणसं आणि गाणीही आपलीच. परकी काय ती थंडी. अंग अवघडतं, झोप मोडते, पण कुणाकडे काही मागायची वेळ येत नाही. घर बरोबर आलेलंच असतं, फक्त जरा लहान होऊन.

रूपांतराच्या डोंगरावर पेत्राचीही अशीच इच्छा होती. येशूचं तेज पाहून तो म्हणाला, इथेच तीन मंडप उभारू. आपण काय बोलतो आहोत हे त्याला कळत नव्हतं, असा शेरा लूक तिथल्या तिथे मारतो. दुसऱ्या दिवशी सगळे खाली उतरतात, तर पायथ्याशी आजारी मुलाचा बाप वाट पाहत उभा. आणि लगेच पुढच्या अध्यायात येशू सत्तर जणांना दोघा-दोघांनी गावोगाव पाठवतो. त्यांच्या सामानाची यादी शिबिराच्या संयोजकाला झोप येऊ देणार नाही. थैली नको, झोळी नको, पायतणही नको. जे घर आत घेईल तिथेच राहायचं, पुढ्यात येईल ते खायचं, बरं घर शोधत फिरायचं नाही. यात कुठे कष्ट सोसण्याचं कौतुक नाही, उपास नाही, थंडी नाही. त्यांनी दुसऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहावं, एवढंच मागितलं आहे.

ते करायला माणूस किती कचरतो! उपाशी राहणं त्यापेक्षा सोपं. उपासात निदान आपला ताबा आपल्याकडे असतो.

येशू स्वतः हेच करत राहिला. त्याच्या गोष्टी पाहाव्यात तर हा माणूस सतत कुणाच्या तरी घरी जेवायला बसलेला आहे: जक्कयाकडे, मार्था-मरियेकडे, शिमोन परूश्याकडे. यजमान म्हणून क्वचित, पाहुणा म्हणून कायम. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी शमरोनातल्या विहिरीवर तो एका बाईकडे पाणी मागतो. यहुद्यांचा शमरोन्यांशी व्यवहार नव्हता, तेव्हा तिला नवल वाटणं साहजिक. पुढे ती आणखी एक व्यवहारी गोष्ट बोलते: विहीर खोल आहे आणि तुझ्याकडे तर पोहराही नाही. जिवंत पाण्याचं सगळं संभाषण त्याच्या या उणिवेतून सुरू होतं. त्याच्याकडे पोहरा असता तर तो पाणी काढून, पिऊन, वाटेला लागला असता.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रसंग दूरचा वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तो आपल्या अंगणात घडलेला आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी, त्यांची चूल निराळीच होती. त्यांची लढाई त्रैक्यासारख्या सिद्धांतावर झाली नाही, पाण्याच्या भांड्यावर झाली. जातिभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच झगडून सोडवला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी ओलांडण्याची जागा ती होती, आणि त्यासाठी त्यांना डोंगर चढावा लागला नाही.

तोरणमाळला तर हे शिकवायला बायबलच हवं असंही नाही. ही नाथपंथाची जागा. ‘अलख’ म्हणून दारात उभं राहायचं आणि झोळीत पडेल ते घ्यायचं, हा जोग्याचा नेम इथल्या डोंगराला आपल्या शिबिरांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला भाविक चढून येतात, त्यांची रात्र उघड्यावर जाते, आणि त्याला कुणी शिबिर म्हणत नाही.

शिवाय आपण ज्याला रान समजून आलो ते कुणाचं तरी घर आहे. पठाराच्या आजूबाजूला पावरा आणि भिल्ल कुटुंबांचे पाडे आहेत, शेताशेतात विखुरलेली घरं. त्यांच्या दृष्टीनं आपण कुठल्याही अज्ञाताच्या काठावर उभे नाही. त्यांच्या वाटेत उभे आहोत. हेच लोक ऊसतोडीच्या हंगामात डोंगर उतरून गुजरातच्या साखरपट्ट्यात जातात आणि फडाशेजारी प्लास्टिकच्या पालात महिनोन्‌महिने काढतात. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मंडपांचा सण सांगितला आहे: मिसरातून सुटल्यावर वाडवडील मांडवांत राहिले, म्हणून वर्षाचे सात दिवस तुम्हीही मांडवांत राहा. मिसरात ते वेठबिगार होते. त्या सणाचा अर्थ तोरणमाळला हौसेनं तंबू ठोकणाऱ्यापेक्षा बारडोलीकडे पालात राहून आलेल्या माणसाला लवकर कळेल, असा माझा अंदाज आहे. शिबिरातलं व्याख्यान त्याला द्यायला सांगावं, असं बऱ्याचदा मनात येतं.

मात्र इथे एक अडचण आहे आणि ती भावनेच्या भरात उडवून लावता येत नाही. तोरणमाळ ज्यात येतं त्या अक्राणी तालुक्याचं नाव वर्षानुवर्षं कुपोषणाच्या बातम्यांत येत आलं आहे. अशा पाड्यावर आपल्या आत्मिक उन्नतीसाठी कुणाच्या तव्यावरची मक्याची भाकरी खायची? पावरा घरात पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाहीत, म्हणून तर प्रश्न जास्त कठीण. पैसे पुढे केले की पाहुणेपण संपतं आणि आपण गिऱ्हाईक होतो. न दिले तर त्या घरच्या मुलाच्या वाटचं आपण खातो. यावर कुठला नियम करता येईल असं मला वाटत नाही. तो चुलीपाशी बसल्यावर, त्या घराकडे पाहून, प्रत्येकानं त्या वेळी सोडवायचा हिशेब आहे.

पण सत्तरांच्या गोष्टीतला एक आकडा इथे उपयोगी पडतो. ते सत्तरच्या सत्तर एका गावात गेले नव्हते. एका दारात दोघंच उभे राहिले. दोन माणसांना भाकरी वाढता येते, त्यांना लाकडं फोडायला लावता येतं, त्यांचं नाव लक्षात राहतं. पन्नास जण आले तर त्यांना मैदान लागतं, स्वयंपाकी लागतो, जनरेटर लागतो, आणि मग तंबूही लागतातच. आमच्या शिबिराची बस पन्नास सीटची असते, आणि ती भरली नाही तर भाडं परवडत नाही.