थांबवण्याचा अधिकार

कामाच्या तासांवरून आपल्याकडे जी वादावादी झाली तीत उद्योगपतींनी आपली मते जितक्या निःसंकोचपणे मांडली, तितक्याच तत्परतेने त्यांच्या अनुयायांनी त्या मतांना नीतिशास्त्राचे वस्त्र चढवले. 2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा उपदेश केला. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी नव्वदचा आकडा उच्चारला आणि घरी बसून पत्नीचे तोंड किती वेळ पाहणार, अशी पृच्छाही केली. यावर लोक हसले आणि विसरले. परंतु मुलुंडला एका सभेत वैद्यकीय संगणकप्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकमहाशयांनी जे प्रतिपादन केले ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आमच्या कामाच्या पलीकडच्या टोकाला रुग्ण असतो, ते म्हणाले. शल्यविशारद पोट उघडून ठेवून घड्याळ पाहत नाही, मग आमच्या अभियंत्याने का पाहावे? टाळ्या पडल्या, आणि आभारप्रदर्शनाच्या घाईत प्रत्युत्तराची संधी कोणास मिळाली नाही. ती या अंकाने मला दिली आहे.

अंधेरीत 1973 साली सीप्झ स्थापन झाले. त्याच्या आसमंतात, मरोळ-चकाल्याच्या काचेच्या इमारतींमध्ये, या प्रकारच्या कचेऱ्यांपैकी एकीत प्रणालीची तपासणी करण्याची चाकरी मीही काही वर्षे केली असल्याने पलीकडच्या टोकाला कोण असतो हे मला थोडेफार ठाऊक आहे. बहुतेक वेळा तेथे असते ते बिल. अमेरिकेतील डॉक्टरने विमा कंपनीकडे केलेल्या मागणीवर निदानाचे सांकेतिक चुकले की मागणी नामंजूर होते, आणि ती नामंजूर होऊ नये एवढ्यासाठी येथे शेकडो तरुण रात्र जागवतात. 1 ऑक्टोबर 2015 पासून त्या देशाने निदानांची नवी सूची स्वीकारली तेव्हा सांकेतिकांची संख्या सुमारे चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या आसपास गेली, आणि तिच्याबरोबर आमच्याकडील तगादेही वाढले. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा अंधेरीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. मार्चमध्ये व नोव्हेंबरमध्ये तिकडे काटे सरकले की साकीनाक्याच्या रिक्षावाल्यालाही त्याची वार्ता लागते, कारण त्याची शेवटची सवारी तासभर मागेपुढे होते. संचालकमहाशय ज्याला सेवा म्हणतात तिचा बराचसा अंश वसुलीचा आहे, हे प्रथम नोंदवून ठेवतो.

कायद्याचे म्हणावे तर तो याच शहरात घाम गाळून मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीपुढे नमते घेऊन गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. त्यातील नवाचे दहा करण्यास मंत्रिमंडळाने 2025 च्या सप्टेंबरात मान्यता दिली. शिवाय व्यवस्थापकीय व देखरेखीच्या पदांना हा कायदा लागू नाही, आणि आमच्या क्षेत्रात चोविशी ओलांडलेला प्रत्येक मुलगा कोणत्या ना कोणत्या अर्थाने ‘लीड’ असतोच. इतके लिहिल्यावर लेख संपवता आला असता, लोखंड्यांच्या नावाने दोन अश्रू ढाळून.

परंतु वसुली हे पूर्ण सत्य नव्हे. ज्या प्रणालीतून बिल निघते तिच्यातूनच औषधाची मात्रा, ॲलर्जीचा इशारा आणि रक्ततपासणीचा अहवालही जातो. तेथे चूक झाली तर माणूस मरतो. याची सर्वांत भीषण साक्ष नॅन्सी लेव्हसन या विदुषीने क्लार्क टर्नर यांच्यासह 1993 साली लिहिलेल्या एका प्रबंधात आहे, आणि संचालकमहाशयांनी रुग्णाचे नाव घेण्यापूर्वी तो वाचायला हवा होता. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-25 नावाचे कॅनेडियन यंत्र 1985 च्या जूनपासून 1987 च्या जानेवारीपर्यंत सहा वेळा रुग्णांवर अतिरेकी मात्रेचा मारा करून गेले. आधीच्या यंत्रात किरण चुकले तर ते अडवणाऱ्या स्वतंत्र यांत्रिक कळा होत्या. नव्यात त्या काढून भरवसा केवळ संगणकावर टाकला होता. टेक्ससमधील टायलर गावच्या रुग्णालयात 1986 च्या मार्चमध्ये अपघात झाला. पडद्यावर उमटले ते फक्त ‘मालफंक्शन 54’, ज्याचा उलगडा माहितीपुस्तिकेतून होत नव्हता. कंपनीचे अभियंते आले, त्यांना दोष सापडला नाही, अतिरेकी मात्रा संभवतच नाही असे त्यांनी सांगितले, आणि यंत्र पुन्हा कामास लागले. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण भाजला. तीन आठवड्यांत तो दगावला.

यानंतर जे घडले त्याने माझ्या वादाची जागा बदलते. रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र तत्काळ बंद केले आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंना शेजारी बसवून, त्यांनी त्या दिवशी नेमक्या कोणत्या कळा किती वेगाने दाबल्या याची आवृत्ती करीत राहिला, जोपर्यंत ‘मालफंक्शन 54’ हुकमी उमटेना तोपर्यंत. चुकीचे अक्षर टाइप करून ते काही सेकंदांत दुरुस्त केले, की संगणकाचा एक भाग बदल टिपत असे आणि दुसरा टिपत नसे. सरावलेल्या हाताचा वेग हेच दोषाचे कारण होते. या चिकाटीपुढे आठ तास की दहा, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटतो. वैद्यकीय प्रणालीचे काम कठोर असावे, तेथे माणसाने झोप विसरून एखाद्या दोषाच्या मागे लागावे, इथपर्यंत मी संचालकमहाशयांच्या बरोबर यायला तयार आहे. मात्र त्या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती एक गोष्ट होती जी अंधेरीतल्या मुलाच्या हाती नाही: यंत्र बंद करण्याची मुखत्यारी. शल्यविशारदाची उपमाही येथेच ढासळते, कारण भूल नीट चढली नाही असे वाटले तर तो शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आणि त्याला कोणी मुदतीची आठवण करून देत नाही.

आमच्याकडे मुदत अमेरिकेत ठरते. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी एकत्र केल्या की त्याचा ॲलर्जीचा इशारा नाहीसा होतो, असे आमच्या विभागातील एका मुलीने शुक्रवारी संध्याकाळी नोंदवले. रात्री त्या तिकिटाचा दर्जा ‘क्रिटिकल’वरून ‘मायनर’वर आला आणि रिलीज वेळेवर गेले. दुरुस्ती पुढच्या रिलीजमध्ये झाली, आणि मधल्या काळात काय झाले हे विचारण्याची आमच्याकडे प्रथा नव्हती. त्या आठवड्यात ती मुलगी रोज बारा तास बसली होती. तिच्या तासांत काही कमी नव्हते.

हा केवळ मुंबईचा रोग आहे असे समजून कोणी सुखावू नये. 2017 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ई-क्लिनिकलवर्क्स या मॅसॅच्युसेट्समधील कंपनीशी 15 कोटी 50 लाख डॉलरांचा समझोता जाहीर केला. प्रमाणपत्राच्या परीक्षेला जी सोळा औषधे विचारली जाणार होती तेवढ्यांचीच सांकेतिके प्रणालीत थेट भरून ठेवली, असा एक आरोप होता; आरोप शाबीत झाले असे समझोता म्हणत नाही, हेही सांगितले पाहिजे. मला लक्षणीय वाटते ते एवढेच, की तक्रार घेऊन न्यायालयात गेलेला गृहस्थ न्यूयॉर्क शहराच्या सेवेतील तंत्रज्ञ होता, म्हणजे कंपनीच्या भिंतीबाहेरचा.

तेव्हा संचालकमहाशयांना माझी जाहीर विनंती अशी. आपल्या कचेरीतील सर्वांत कनिष्ठ तपासनिसाची सही झाल्याखेरीज एकही रिलीज बाहेर जाणार नाही असा लेखी हुकूम त्यांनी काढावा, आणि ज्या दिवशी तो तपासनीस सही नाकारील त्या दिवसाची नोंद त्याच्या वार्षिक मूल्यमापनात जमेच्या बाजूस करावी. हे होईपर्यंत त्यांनी सभेत रुग्णाचे नाव घेऊ नये. तासांचा हिशेब आम्ही त्यानंतर खुशाल मांडू.