दूरचे जवळ आले, म्हणजे दिसले का?

वस्तू असूनही ती का दिसत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत मोजली आहेत. त्यांतले पहिले अतिदूरता. लांब झूमचा, खिशात मावणारा कॅमेरा हे कारण दूर करतो, आणि ते काही थोडे नव्हे. कॅननच्या २०१८ सालच्या पॉवरशॉट एसएक्स७४० एचएसचे वजन ३०० ग्रॅमच्या आत आहे, तरी त्याचा ४० पट झूम फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ९६० मिलिमीटर लेन्सइतके दृश्य जवळ आणतो. तारेवर बसलेल्या खंड्याला न उडवता त्याची लाल चोच आणि पांढरा गळा पाहता येतो. ज्याला पाहायचे त्याला धक्का लागत नाही, हा मला या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पण एक कारण हटले म्हणून उरलेली सात हटत नाहीत. त्यांतली दोन तर इथे नव्याने आत येतात. या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात फुल-फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर एफ/६.९ च्या पुढे उघडत नाही, आणि विवर्तनामुळे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे नऊ मायक्रॉनची तबकडी होऊन पडतो. पिक्सेल मात्र १.२ मायक्रॉनचा. शेजारशेजारचे बिंदू एकमेकांत मिसळतात, तळ्यात पडलेले पावसाचे थेंब वेगळे काढता येऊ नयेत तसे. सांख्यांचा शब्द आहे समानाभिहार. सांजवेळी तुटपुंजा प्रकाश नॉइजखाली दबतो, तो अभिभव.

मग कॅमेऱ्यातला प्रोसेसर नॉइज पुसतो, कडा धारदार करतो आणि पिसांच्या जागी पिसांसारखे काहीतरी ठेवतो. हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे; आणि ते प्रत्यक्षाच्या वेशात येते, हा माझा खरा आक्षेप. हे मॉडेल रॉ फाइल देत नाही, त्यामुळे प्रकाशाने काय दिले आणि यंत्राने काय घातले, हे मागाहून निवडता येत नाही. पॅनासॉनिकचा टीझेड९५ रॉ देतो. त्याचा झूम ३० पटच आहे, तरी मी त्याला अधिक प्रामाणिक साक्षीदार मानेन.

कोणी म्हणेल, डोळाही भिंगच आहे आणि मेंदूही रिकाम्या जागा भरतोच. खरे आहे. पण दुरून खांब की माणूस असा संशय आला, तर डोळ्याचा धनी चार पावले पुढे जाऊन तो फेडू शकतो. काढून झालेला फोटो कितीही मोठा केला तरी तसूभर पुढे सरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठी लेन्स घरी राहते, हा कॅमेरा जवळ असतो, आणि न काढलेला फोटो कशाचेच प्रमाण नसतो. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच पक्षी कोणता, एवढ्यापुरती त्याची साक्ष मी बिनदिक्कत घेईन. पिसे झिजली आहेत का, डोळ्याभोवतीचे कडे पूर्ण आहे का, असे विचारले तर घेणार नाही. आणि ४० पटीच्या पुढचा डिजिटल झूम वापरला असेल, तर त्या वाढीव भागात पक्ष्याकडून नवे काहीच आलेले नसते.