जुनी मोटारसायकल आणि इमान

पाऊस सरला, दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की काही घरांतून एक निराळीच यादी तयार होऊ लागते. दारातल्या जुन्या बुलेटला या थंडीत काय काय करायचे, याची ती यादी. विलायतेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते लोखंड खाते, म्हणून तिकडचे हौशी लोक त्या दिवसांत गाडी आत ठेवून सावकाश खोलतात. आपल्याकडे थंडी म्हणजे हिंडण्याचा ऋतू. तेव्हा काम लवकर उरकले पाहिजे आणि खिशालाही झेपले पाहिजे. म्हणून आधी काय करायचे, हे ठरवावे लागते. हा प्रश्न दिसतो यंत्राचा, पण असतो नीतीचा.

या यादीवरून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आजोबांची गाडी आहे, तिच्या एका स्क्रूलाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, ते 346 सीसीचे बिडाचे इंजिन म्हातारे झाले. मोठा कार्ब्युरेटर बसवा, जोर वाढवा.

पहिल्या पक्षाची भीती अशी, की भाग बदलले तर गाडी 'ती' राहणार नाही. ही शंका फार जुनी आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? दोन्ही नव्हे, या साऱ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. आपल्या बुलेटचे टायर, चेन, क्लचप्लेटा कितीदा बदलल्या, रिबोर कितीदा झाले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे? तरीही शेजारी म्हणतात, "आजोबांची गाडी आली!" तिचे तेपण सुट्या भागांत नाही, अखंड चाललेल्या वापरात आहे.

दुसऱ्या पक्षाला साधे गणित सांगावे. वेग ताशी 40 किलोमीटरवरून 60 झाला, तर तो दीडपट होतो. पण थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. जोर वाढवला आणि ब्रेक तसाच ठेवला, तर त्या हौसेची किंमत कोण देणार? अनेकदा रस्ता ओलांडणारे पोर देते. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही.

म्हणून मला वाटते, यादीतल्या प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न लिहावा: हे न केल्यास सोसणार कोण? पॉइंट बिघडले, तर किक मारून पाय माझा दुखेल. टाकीचा रंग उडाला, तर खंत मला वाटेल. तिथे जुनेपणाचे लाड खुशाल करावेत. पण पावसात गंजलेली ब्रेककेबल, झिजलेले ब्रेकशू, खराब अर्थिंगमुळे मिणमिणणारा दिवा यांचे भोग दुसऱ्याच्याही वाट्याला येतात. ती कामे आधी. ड्रम साफ करावा, शू नवे घालावेत, केबल बदलावी, वायरींचे जोड घासून घट्ट करावेत. यात मूळ रचनेला धक्काही लागत नाही. पैसे उरले, तर मग इंजिनाकडे वळावे.

हा हिशेब गाडीपुरता नाही. वाड्याचे जुनेपण आपण कौतुकाने जपतो, आणि त्याच्या अंधाऱ्या जिन्यावरून घसरते ती मात्र कामाची बाई. जुन्याशी इमान राखणे चांगलेच; पण ते आपल्या पदरचे खर्चून राखावे. यंदाची यादी करताना पहिल्या ओळीत 'ब्रेक' लिहिला, तर आजोबांच्या आठवणीला त्याने काही उणेपणा येणार नाही.