सर्वानुमते म्हणजे नेमकं कोण?

गणेश मंडळाच्या किंवा सोसायटीच्या इतिवृत्तात एक शब्द हमखास सापडतो: सर्वानुमते. ठराव फसला की हाच शब्द सगळ्यांना वाचवतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, मग एकट्याला जाब विचारणार कसा?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावातही निर्णय सर्वसहमतीनेच होतात. बहुमतावर भागत नाही. एकाचाही विरोध असला तरी चर्चा चालू राहते. वेळ लागतो, हे खरं. पण ज्याला 'नाही' म्हणून निर्णय थांबवता येत होता आणि ज्याने तो थांबवला नाही, त्याच्यावर त्या निर्णयाचा भार येतोच. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी आणि किती तोडायचा, हे मग ग्रामसभाच ठरवू लागली. चुकलं तर बोट दाखवायला वनखातं उरलं नाही.

आपल्याकडे 'नाही' म्हणणारा कटकट्या ठरतो. म्हणून हात वर होतात आणि खरी चर्चा बैठकीनंतर जिन्यात सुरू होते. (व्हॉट्सॲपवरचा अंगठा तर त्याहून स्वस्त.) माझ्या मते, हिशेब न दाखवणाऱ्या खजिनदाराबरोबर हा गप्प सभासदही उत्तरदायी आहे. भाडेकरूला किंवा मंडळाच्या मर्जीवर गाडी लावणाऱ्या वडापाववाल्याला मात्र हा दोष लावता येणार नाही. 'नाही' म्हणण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते.

वर्गणी कुणी दिली, हे पावतीवर असतं. प्रश्न कुणी विचारला, हे इतिवृत्तात का नसावं?