‘येथील सर्व क्षेम’ : रणांगणावरील पत्रें आणि सत्याचें ओझें



रणभूमीवर असलेला शिपाई घरीं पत्र लिहितो आणि पहिल्याच ओळींत कळवितो कीं, येथील सर्व क्षेम आहे. त्या वेळीं त्याचे पाय गुडघाभर चिखलांत असतात, कालपर्यंत शेजारीं बसून जेवणारा सोबती आज मातीखालीं असतो, आणि उद्यांची सकाळ आपण पाहूं कीं नाहीं हें त्यास ठाऊक नसतें. मग तें वाक्य सत्य म्हणावें कीं असत्य? प्रेषित पौलानें इफिसकरांस लिहितांना, लबाडी टाकून प्रत्येकानें आपल्या शेजाऱ्याशीं खरें बोलावें अशी आज्ञा दिली आहे, आणि तिला युद्धकाळाचा अपवाद जोडलेला नाहीं. उलटपक्षीं, म्हाताऱ्या आईची झोप उडूं नये म्हणून मुलानें आपलें दुःख गिळलें, तर त्यास लबाड म्हणावयास कोणाची जीभ वळेल? हा प्रश्न केवळ शिपायांचा नाहीं. आपल्या मंडळ्यांतील जे उपदेशक व शाळामास्तर दुसऱ्यांचे कागद लिहून देत व वाचून दाखवीत आले आहेत, त्यांचा तर तो विशेषेंकरून आहे. म्हणून त्याचा नीट विचार करणें अवश्य आहे.

प्रथम जें घडलें तें पाहूं. पहिल्या महायुद्धांत, सप्टेंबर 1914 च्या अखेरीस, हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या फ्रान्सच्या मार्सेय बंदरांत उतरल्या. पुढील चार वर्षांत 1,30,000 हून अधिक हिंदी लोक त्या आघाडीवर गेले. त्यांत पुष्कळसे पंजाब, गढवाल, नेपाळ व सरहद्द यांकडील होते. तथापि पुण्याजवळील खडकी येथें ज्यांचें ठाणें, त्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 व 21 या कंपन्याही होत्या, आणि 28 ऑक्टोबर 1914 रोजीं न्यूव शापेल या गांवीं त्यांनीं फार मोठी हानि सोसली. मराठा पलटणींपैकीं पुष्कळ मेसोपोटेमियांत लढल्या. 103, 110 व 117 या क्रमांकांच्या पलटणी कुत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या, व 29 एप्रिल 1916 रोजीं तें ठाणें शत्रूच्या हातीं गेलें. वऱ्हांडांत बसून टपालाची वाट पाहणारीं माणसें त्या काळीं सातारा, रत्नागिरी व कोल्हापूर या भागांत घरोघर होतीं.

या शिपायांपैकीं पुष्कळांना लिहितां येत नसे. एखादा लिहिणारा सोबती गांठून ते मजकूर सांगत आणि तो लिही. गांवीं पत्र आलें म्हणजे आईबापांसही वाचतां येत नसे; मग मास्तर, पाटील किंवा एखादा शिकलेला मुलगा तें वाचून दाखवी. मध्यंतरीं सरकारचा तपासनीस असे. 1914 च्या अखेरीस फ्रान्समध्यें हिंदी टपाल तपासण्याची स्वतंत्र कचेरी उघडण्यांत आली. तेथें पत्रें उघडून वाचीत, निवडक उताऱ्यांचें इंग्रजींत भाषांतर करीत, आणि वरिष्ठांकडे अहवाल पाठवीत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेले आहेत, व त्यांतील निवडक पत्रांचा संग्रह डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानें 1999 सालीं प्रसिद्ध केला. सारांश, सांगणारा, लिहिणारा, तपासणारा व वाचणारा अशा चार माणसांच्या हातांतून सत्य आईच्या कानापर्यंत जावयाचें होतें.

आतां त्या पत्रांत काय असे? घरच्यांस लिहिलेल्या पुष्कळ पत्रांत क्षेमकुशल, पैशांची व्यवस्था, शेत, बैल, लग्नें व भाऊबंदकी. इंग्लंडांत ब्रायटन येथील राजवाड्यांत जखमी हिंदी शिपायांसाठीं इस्पितळ केलें होतें. तेथून कित्येकांनीं चांगल्या शुश्रूषेविषयीं लिहिलें. परंतु मित्रांस व बरोबरीच्या भावांस लिहितांना लेखणीचा सूर पालटे. तपासनीसास कळूं नये म्हणून कित्येक जण आडपडद्यानें लिहीत : काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, असा संकेत करून कोणता माल किती खपला हें ते कळवीत. आणि कांहीं जण आपल्या मित्रांस व नातेवाइकांस भरती होऊं नका असें निक्षून बजावीत. अशीं पत्रें सांपडलीं तर तीं अडविलीं जात.

याच्या अगदीं उलट, ब्रिटिश सैन्यांत एक छापील कार्ड वांटलें जाई. त्यावर आपण बरे आहों, इस्पितळांत आहों, तुमचें पत्र पोंचलें, अशा अर्थाचीं वाक्यें तयार असत. शिपायानें नको तीं खोडावयाचीं आणि खालीं सही व तारीख घालावयाची. याहून एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केलें जाई. मला भय वाटतें, माझा मित्र मेला, असें म्हणावयास त्या कार्डावर जागाच नव्हती. त्यावरचें प्रत्येक वाक्य खरें असूं शके, आणि तरी तें घेणाऱ्या माणसास जवळजवळ कांहींच कळत नसे.

या बाबतींत दोन मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, जें कांहीं लपविलें तें सर्व असत्य. ख्रिस्ती माणसानें सर्वांस सर्व सांगितलें पाहिजे. दुसरें असें कीं, हेतु प्रीतीचा असला म्हणजे बोलणें कसेंही असलें तरी चालेल. विचारांतीं दोन्ही अपुरीं ठरतात.

पहिल्या मताला खुद्द प्रभूचें उदाहरण आड येतें. योहानकृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायांत प्रभु शिष्यांस सांगतो कीं, मला अजून पुष्कळ सांगावयाचें आहे, परंतु तें आतां तुमच्यानें सोसवणार नाहीं. म्हणजे त्यानें कांहीं राखून ठेविलें. पण लक्षांत घ्यावें कीं, राखून ठेविलें आहे हें त्यानें लपविलें नाहीं. आणि त्याच अध्यायांत छळ, बहिष्कार व शोक तुमच्या वांट्यास येईल हेंही त्यानें स्पष्ट कळविलें. तसेंच गेथशेमाने बागेंत त्यानें बहुतेक शिष्यांस एकीकडे बसविलें, आणि आपल्या जिवाची व्याकुळता पेत्र व जब्दीचे दोघे पुत्र यांनाच सांगितली. सर्वांस सारखें सांगितलें नाहीं. पण फसविलें मात्र कोणासही नाहीं. न सांगणें आणि फसविणें यांत भेद आहे, व तो भेद प्रभूच्या वर्तनांत उघड दिसतो.

दुसऱ्या मताची परीक्षा भरतीच्या उदाहरणानें होते. समजा, आघाडीवरील शिपायानें गांवच्या मित्रास लिहिलें कीं, येथें मौज आहे, पगार चांगला आहे, तूंही ये. मित्राचें मन दुखवूं नये, किंवा आपली मर्दुमकी कमी दिसूं नये, एवढाच त्याचा हेतु असेल. मित्र तें वाक्य प्रमाण मानून नांव नोंदवितो आणि पुढें मारला जातो. येथें प्रीतीचें नांव घेऊन सुटतां येईल काय? आई पत्र वाचून काळजी करील किंवा करणार नाहीं. पण मित्र पत्र वाचून आपलें आयुष्य ठरवील. ज्यास आपल्या शब्दावर निर्णय घ्यावयाचा आहे, त्यापासून सत्य राखून ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं. ज्या शिपायांनीं पकडलें जाण्याचें भय पत्करून मित्रांस सावध केलें, त्यांचा राजाविषयीं अपराध झाला असें तेव्हांच्या सरकारास वाटलें. परंतु शेजाऱ्याविषयींचें कर्तव्य त्यांनीं ओळखलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

आईच्या बाबतींतही प्रीति सर्व झांकते असें नाहीं. न्यूव शापेल येथें 1927 सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर वा चितेची जागा ठाऊक नाहीं अशा 4,700 हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें आहेत. त्यांच्या घरच्यांजवळ शेवटचें पत्र तेवढें राहिलें. त्या पत्रांत केवळ ‘सर्व क्षेम’ एवढेंच असेल, तर आईजवळ कागद राहिला, मुलगा राहिला नाहीं. पण ‘येथें कष्ट फार आहेत, तरी देवाचें स्मरण करून धीर धरतों, तूं माझ्यासाठीं प्रार्थना कर,’ एवढें जरी असेल, तरी तिनें त्याचें ओझें कांहीं दिवस त्याच्याबरोबर वाहिलें असें होतें. दुःख लपवितांना आपण दुसऱ्याचें रक्षण करतों असें वाटतें; पुष्कळदां आपण त्याचा प्रार्थनेचा हक्कच काढून घेतों.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत याच विषयाचा एक प्रसंग आहे. एपफ्रदीत हा फिलिप्पै येथील मंडळीनें पौलाकडे पाठविलेला माणूस. तो आजारी पडला. ती बातमी गांवीं पोंचली. आणि आपल्या आजारामुळें गांवचे लोक चिंतेंत आहेत हें ऐकून तोच कष्टी झाला. आपल्या मुलांची व आपलीही हीच अवस्था होत नाहीं काय? आतां पौलानें काय केलें तें पाहा. आजार किरकोळ होता असें त्यानें लिहिलें नाहीं. तो मरणाच्या दारीं पोंचला होता असें स्पष्ट लिहिलें. देवानें त्याजवर दया केली हेंही लिहिलें. आणि तें पत्र घेऊन त्यालाच परत पाठविलें, यासाठीं कीं त्यांनीं त्यास डोळ्यांनीं पाहावें. पूर्ण सत्य, तें सोसण्याची आशा, आणि शक्य तेथें माणसाची सोबत, अशा तीन गोष्टी त्यानें एकत्र दिल्या.

दुसऱ्या महायुद्धांत डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकास एप्रिल 1943 मध्यें अटक झाली व बर्लिनच्या टेगेल तुरुंगांत ठेवण्यांत आलें. आईबापांस तो तपासनीसांच्या नजरेखालून लिही. एबरहार्ट बेथगे या आपल्या मित्रास मात्र पहारेकऱ्यांच्या मदतीनें गुप्तपणें लिही. तो मित्र त्या वेळीं जर्मन सैन्यांत शिपाई होऊन इटलींत होता. आपल्या मनाच्या खळबळी बोनहोफरनें त्यास मोकळेपणीं कळविल्या. त्याच तुरुंगांत त्यानें, सत्य बोलणें म्हणजे काय, या विषयावर एक निबंध लिहावयास घेतला. तो अपुराच राहिला. त्याचें म्हणणें असें कीं, बापानें लेकराशीं, लेकरानें बापाशीं, मित्रानें मित्राशीं आणि प्रजेनें सत्तेशीं खरें बोलणें हें एकाच सांच्याचें नसतें; आपण कोणाशीं व कोणत्या नात्यानें बोलत आहों हें ओळखल्याखेरीज सत्य बोलतां येत नाहीं. 9 एप्रिल 1945 रोजीं त्यास फांशी देण्यांत आलें. सोयीसाठीं खोटें बोलण्याची मुभा शोधणारा तो मनुष्य नव्हता, म्हणून त्याचें म्हणणें विचारांत घेण्याजोगें आहे.

आतां उपदेशक बंधूंनो, तुमच्याविषयीं. पलटणींतील पत्रांचे दिवस बहुतांशीं गेले. आज शिपाई फोनवर बोलतो. तरी सांकेतिक वाक्य तेंच आहे. ऊसतोडीस गेलेला मुलगा, परमुलखांत कामास गेलेला बाप, दवाखान्यांत पडलेली बहीण, सर्व जण ‘बरें आहे’ असेंच म्हणतात. आणि दवाखान्याचा कागद किंवा फोनवरील लेखी निरोप घेऊन कोणी वृद्ध विधवा आजही तुमच्या दारीं येते. अशा वेळीं वाईट मजकूर गाळावा, किंवा दोन गोड शब्द पदरचे घालावे, असा मोह होतो. तो मोह टाळावा. लिहिणाऱ्याला आईशीं काय बोलावें हें निवडण्याचा हक्क आहे. कारण दुःख त्याचें व आई त्याची. तुमच्या हातीं केवळ दुसऱ्याची ठेव आहे, आणि ठेवींतून कारभारी कांहीं काढीत नाहीं व तींत कांहीं मिसळीतही नाहीं. वेळ निवडणें, तिला आधीं बसविणें, शेजारच्या बाईस बोलावणें, सावकाश वाचणें, वाचून झाल्यावर उठून न जाणें, हें सर्व तुमच्या हातीं आहे. शब्द बदलणें तुमच्या हातीं नाहीं. आणि जें वाचलें तें चावडीवर नेऊं नये, हेंही त्याच ठेवीचें अंग आहे.

एक कठीण प्रसंग उरतो. मुलगा तुम्हांस मित्र समजून लिहितो कीं, मी जखमी आहें, पण आईला सांगूं नका. दुसऱ्या दिवशीं आई येऊन सरळ विचारते, माझा मुलगा बरा आहे ना? येथें ‘बरा आहे’ म्हणणें हें असत्य, आणि सर्व सांगणें हा विश्वासघात. परंतु तिसरा मार्ग आहे. तिला म्हणावें, मावशी, त्यानें मला कांहीं लिहिलें आहे, तें त्याच्याच तोंडून तुम्हांस कळावें; आज आपण दोघे बसून त्याला विचारूं. आणि मुलास त्याच दिवशीं कळवावें कीं, तुझी आई विचारीत आहे, मी तिला खोटें सांगणार नाहीं, तूंच सांग. असें केल्यानें आई एक रात्र काळजींत काढील, हें खरें. पण पुढें ज्या दिवशीं तुम्ही तिला देवाच्या वचनांतून सांत्वन सांगाल, त्या दिवशीं तिच्या मनांत अशी शंका येणार नाहीं कीं, हेंही मास्तर मला बरें वाटावें म्हणूनच वाचीत असतील. सुवार्ता सांगणाऱ्या माणसाचें सर्व भांडवल हा एवढा विश्वास होय. तो लहान दयाळू असत्यांत खर्चून टाकल्यावर पुनरुत्थानाची आशा सांगावयास त्याजपाशीं कोणता शब्द उरेल?